पथ्य सुटलं

२३ नोव्हेंबर २०१८, शुक्रवार
मयूर विहार

कुमुदची केमो सुरू झाली तेव्हा डॉक्टरांना दाखवायला म्हणून ही डायरी लिहायला घेतली. ताप, उलट्या, वजन, बस्स. आज पहिल्यांदा हिच्यात काहीतरी चांगलं लिहायला मिळतंय. कुमुदचं पथ्य सुटलं!

होळीपासून या घरात बाहेरचं अन्न आलेलं नाही. कच्चं काही नाही, लोणचं नाही, मीठ बेताचं. आम्हा सीकेप्यांच्या घरात पथ्य म्हणजे देवघरातून देव उचलून नेल्यासारखं. तिच्याबरोबर मीही दुधी खाल्ला, महिनोन्‌महिने खाल्ला, आणि कुरकुर फक्त मनातल्या मनात केली. आज मोठ्या डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवले, चष्मा काढला आणि म्हणाले, “माताजी का जो मन करे, खिलाइए। अब कोई परहेज़ नहीं।” वर केमोही थांबवली. शरीराला आराम देऊ या, म्हणाले. फुप्फुसात काही ठिपके दिसतायत, पण ठिपके मागच्या वेळीही होतेच. मी त्यांचा हात दोन्ही हातांत घेऊन इतका हलवला की ते बिचारे गोंधळून गेले.

कुमुदने त्यांना शांतपणे नमस्कार केला. “आपने बहुत किया, डॉक्टरसाहब,” म्हणाली. परत येताना टॅक्सीत तिने माझा हात धरला तो निजामुद्दीनच्या पुलापासून घरापर्यंत सोडला नाही. चारचौघांत हात धरणारी बाई ही नव्हे. आनंद झाला की माणूस बदलतं.

श्रीरंगला फोन केला. “हो बाबा, मला डॉक्टरांचा फोन आला होता,” एवढंच म्हणाला आणि मग बराच वेळ काही बोलला नाही. मानेसरला त्याच्या कारखान्यात आवाज फार असतो.

२५ नोव्हेंबर, रविवार

दोन दिवस फोनच फोन. निवृत्त झाल्यापासून मी एवढा फोनवर बोललो नव्हतो. सगळ्यांना एकच सांगितलं: डॉक्टर म्हणाले, काय हवं ते खाऊ द्या. लोक विचित्र असतात. आनंदाची बातमी सांगावी तर पलीकडे शांतता. पुण्याचा भालचंद्र, माझा सख्खा धाकटा भाऊ, म्हणाला, “अच्छा. मग मी पुढच्या आठवड्यात येऊन जातो.” दिल्लीला ये म्हणून मी किती वर्षं घसा कोरडा केला, तेव्हा त्याला हवा सोसत नव्हती. आता ऐन थंडीत येतोय, धुक्यात!

काल मेट्रोने कस्तुरबा गांधी मार्गाला जाऊन महाराष्ट्र सदनातून कोथिंबीर वडी आणि मटण घेऊन आलो. गरम राहावं म्हणून डबा कोटाच्या आत धरला होता, शेजारचा माणूस सारखा वास घेत होता. कुमुदने वडीचा एक तुकडा मोडला, मटणाच्या रश्शाला बोट लावलं आणि “मस्त आहे हो” म्हणाली. बाकीचं मी संपवलं. भूक एकदम थोडीच येते, येईल हळूहळू.

२८ नोव्हेंबर, बुधवार

आजपासून डॉक्टर घरी येणार. दिल्लीत नळवाला घरी यायला दहा फोन करावे लागतात, आणि इथे एका संस्थेच्या डॉ. भाटिया म्हणून बाई नर्सला घेऊन स्वतः आल्या, चौथा मजला चढून, लिफ्ट बंद असताना. फी नाही. चहा तेवढा घेतला. पाऊण दिवस आमच्याकडेच घालवायचा आहे अशा निवांतपणे बसल्या. कुमुदच्या पाठीचं दुखणं, झोप, पोट, सगळं विचारलं. मॉर्फीनची छोटी बाटली दिली. दुखलं किंवा दम लागला तर किती द्यायचं ते मला आणि श्रीरंगला समजावून सांगितलं. इतकी माया करणारी माणसं या शहरात आहेत हे मला माहीत नव्हतं.

जाताना त्यांनी कुमुदला विचारलं, तुम्हाला सगळ्यात जास्त काय हवंय? मला वाटलं, ही सोड्याची खिचडी म्हणेल. ती म्हणाली, “मुझे वापस अस्पताल नहीं जाना। मशीन पर तो बिल्कुल नहीं।”

मी हसलो. म्हटलं, बऱ्या होणाऱ्या माणसाला हॉस्पिटलात नेतंय कोण?

“तसं नको,” कुमुद म्हणाली. “नीट सांगा. नेणार नाही म्हणा.”

“नेणार नाही,” मी म्हणालो. श्रीरंग तेव्हा खिडकीतून खाली बघत होता.

२ डिसेंबर, रविवार

आता कुमुदची फर्माईश सुरू झाली आहे, आणि ती मोठी चोखंदळ आहे. पदार्थ सांगते आणि तो कोणाच्या हातचा हवा तेही सांगते. आज श्रीरंगने हातगाडीवरून शकरकंदी आणावी, आणि त्यानेच भरवावी, असा हुकूम होता. तो रताळ्याचे मसाला-लिंबू लावलेले तुकडे दोन्ही हातांनी सांभाळत वर आला. तिने दोन खाल्ले. लहानपणी शाळेच्या फाटकाशी तो हट्ट करायचा आणि ती घाणेरडं म्हणून घेऊ द्यायची नाही, त्याबद्दल आज तिने त्याची माफी मागितली. घोडा एवढा मोठा झाला, पण डोळे पुसत होता. मसाला तिखट असेल.

भालचंद्र येऊन गेला. दोन दिवस होता आणि बहुतेक वेळ तिच्याजवळच बसला.

६ डिसेंबर, गुरुवार

आज चंद्रप्रभाबाईंच्या हातची हुग्गी. कुमुद डाक भवनात होती तेव्हा या दोघी एकाच चार्टर्ड बसने जायच्या. बाई सांगलीकडच्या जैन. खपली गहू रात्रभर भिजवून, कांडून, गुळात शिजवलेली खीर, वर तूप इतकं की चमचा तरंगावा. सूर्यास्ताच्या आत जेवायचं म्हणून दुपारीच आल्या. कुमुदने तीन घास खाल्ले. मग दोघी दार लावून बसल्या. हसण्याचा आवाज येत होता, मग बराच वेळ आला नाही. निघताना बाई मला म्हणाल्या, “दिघेसाहेब, मी आता रोज येत जाईन.” मी म्हटलं, अवश्य या, फक्त रिकाम्या हाताने येऊ नका. त्या हसल्या नाहीत. मला माझा विनोद जरा आगाऊ वाटला.

उरलेली हुग्गी मी दोन दिवस पुरवून खाणार होतो, संध्याकाळीच संपली.

९ डिसेंबर, रविवार

आजच्या फर्माईशीने मात्र मी गार झालो. सूनबाईच्या हातची मॅगी!

वृंदा दिल्लीत वाढलेली. तिला स्वयंपाकाची आवड नाही, आणि कुमुदने हे तिला कधी विसरू दिलेलं नाही. लग्नानंतर पहिल्याच वर्षी “आमची सून दोन मिनिटांची” असं ती मैत्रिणीला फोनवर म्हणाली होती आणि वृंदाने ते ऐकलं होतं. आज पोरगी दारातच उभी राहिली. “आई, सीरियसली? मॅगी?” कुमुद म्हणाली, तू नेहमी करतेस तशीच कर, भाज्या घालून सोज्वळ करू नकोस. वृंदाने केली. कुमुदने वाटी हातात धरून वास घेतला, थोडी खाल्ली आणि म्हणाली, “इतकी वर्षं उगाच नावं ठेवली ग. छान लागते.” वृंदा तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिली. सासू-सुनेचं हे दृश्य मी जन्मात बघेन असं वाटलं नव्हतं. पथ्य सुटल्याचे असेही फायदे.

१४ डिसेंबर, शुक्रवार

कुमुदला वालाचं बिरडं हवंय. अहिल्याच्या हातचं.

अहिल्या म्हणजे तिची धाकटी बहीण, इथे वैशालीत राहते, जेमतेम अर्ध्या तासावर. पण त्यांच्या आईच्या जाण्यापासून दोघींत बोलणं नाही. आई ठाण्याला आजारी पडल्या तेव्हा अहिल्या जवळ होती. डॉक्टरांनी विचारलं आणि तिने व्हेंटिलेटरला होकार दिला. म्हातारी काचेच्या खोलीत कितीतरी दिवस नळ्या लावून पडली आणि तिथेच गेली. स्मशानात कुमुद तिला सगळ्यांदेखत म्हणाली, तू आईला धड मरूही दिलं नाहीस. त्यानंतर लग्नामुंजीची बोलावणी फक्त.

आज फोन मी केला. म्हटलं, ताईचं पथ्य सुटलंय, तिला तुझ्या हातचं बिरडं हवंय. पलीकडे नेहमीची ती शांतता. मग अहिल्या म्हणाली, “भाऊजी, वाल आजच भिजत घालते. मोड यायला दोन दिवस लागतील. तेवढे आहेत ना?” मी म्हटलं, आहेत की, कुठे घाई आहे?

१७ डिसेंबर, सोमवार

अहिल्या आली. सोललेल्या वालांचं बिरडं, नारळाचं दूध घालून, थेट सासूबाईंच्या चवीचं. कुमुदने बोटभर रस्सा भाताला लावून खाल्ला. चार वाल खाल्ले असतील नसतील. तेवढ्यासाठी त्या बाईची बोटं सोलून सोलून सुरकुतली होती.

मी ताटं उचलत होतो, तेव्हा आतून कुमुदचा आवाज आला. “तुझ्या जागी मी असते तर मीही हो म्हटलं असतं. घाबरली होतीस ग तू. मी इथे दिल्लीत बसून शहाणपण केलं.” अहिल्या काय म्हणाली ते कळलं नाही, रडत होती. मी नळ सोडून भांडी घासायला घेतली, नको तेवढी घासली. मला फार बरं वाटलं. आता कुमुद उठून हिंडूफिरू लागली की या दोघी मिळून माझी खोड काढतील, तेही चालेल.

अहिल्या घरी गेलीच नाही. बैठकीत गादी टाकून राहिली आहे.

२१ डिसेंबर, शुक्रवार

माझी पँट लागत नाही. सगळ्यांचं मीच खातोय. कुमुदच्या हातातून बांगड्या आपोआप उतरतात, म्हणून तिने त्या वृंदाकडे दिल्या. हल्ली दिवसाचाही बराच वेळ झोपते. डॉ. भाटिया म्हणाल्या, झोपू द्या. मनात एक विचार येऊन गेला. तो इथे लिहीत नाही.

२३ डिसेंबर, रविवार

आज सकाळी कुमुद म्हणाली, “आज तुमच्या हातचं काहीतरी.”

मी म्हटलं, माझ्या हातचं? माझ्या हाताला फक्त ताट माहीत आहे. ती म्हणाली, वरणभात करा. साधा. वर लिंबू पिळा.

अहिल्याला तिने गच्चीवर उन्हात पाठवून दिलं आणि दार उघडं ठेवून पलंगावर पडून राहिली. मी डाळ धुतली, कुकर शोधला. मग तिथूनच विचारलं, हिंग किती घालू? अंदाजाने, ती म्हणाली. म्हटलं, अंदाजाने म्हणजे किती? हळद आधी की नंतर? पाणी कुठपर्यंत?

“मी सांगणार नाही,” कुमुद म्हणाली. “पुढे कोण सांगणार आहे तुम्हाला?”

अगदी सहज म्हणाली, जसं काही दूधवाल्याबद्दल बोलतेय. मी हिंगाची डबी हातात धरून उभा राहिलो. आणि मग सगळं एकदम कळलं. फोनवरच्या त्या शांतता. भालचंद्रचं येणं. आधी श्रीरंग, मग चंद्रप्रभाबाई, मग वृंदा, मग अहिल्या. आणि आज मी. पदार्थ कुठला हवा होता तिला! तिला माणसं हवी होती, एकेक करून, नीट निरोप घ्यायला. काय हवं ते खाऊ द्या असं डॉक्टर कधी म्हणतात, हे शेंबड्या पोराला कळतं. मला नाही कळलं. मी पेढे वाटायला निघालो होतो.

आत जाऊन तिच्या पायाशी बसलो.

“कळलं का?” ती म्हणाली. “मला वाटलं, आता शेवटी सांगूनच जावं लागतंय.”

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? तर म्हणाली, तुम्ही इतके खुश होतात, सगळ्यांना आपणहून फोन करत होतात, घर माणसांनी भरत होतं. म्हटलं, असू दे. मी म्हणालो, मी लोकांना आनंदाने सांगत सुटलो ग, अभिनंदन केल्यासारखं. त्यावर ती हसली, खोकला येईपर्यंत हसली, आणि तिच्याबरोबर मीही रडता रडता हसलो.

मग म्हणाली, “त्या दिवशी तुम्ही नेणार नाही म्हणालात, ते न कळता म्हणालात. आता कळून सांगा.”

मला म्हणवेना. मग म्हणालो.

वरण कच्चं राहिलं आणि मीठ घालायचं विसरलो. कुणाच्याच हातचं खाल्लं नव्हतं इतकं तिने खाल्लं. “दोन शिट्या वाढवा,” म्हणाली.

२५ डिसेंबर, मंगळवार

काही लिहावंसं वाटत नाही. पण एक लिहितो. कळल्यापासून मला राग यायला हवा होता, आणि मला सारखं हायसं वाटतंय. लपवायचं काही उरलं नाही. काल संध्याकाळी आम्ही दोघांनी आमची नेहमीची भांडणं आठवून आठवून काढली. ती बहुतेक सगळ्यांत बरोबर होती.

२९ डिसेंबर, शनिवार

सगळे झोपले, मग लिहायला बसलो.

दुपारी कुमुदला दम लागला. असा कधी लागला नव्हता. डोळे मोठे झाले, मान ताठ, हाताने हवा ओढून घेतल्यासारखं करत होती. मी बाटली शोधत होतो, तेवढ्यात श्रीरंगने ॲम्ब्युलन्सला फोन केलाही. महिनाभर सगळं माहीत असलेला मुलगा, माझ्यापेक्षा कितीतरी समंजस, आणि त्या क्षणी तो आठ वर्षांचा झाला. आईला मी अशी मरू देणार नाही, म्हणाला. अहिल्या दारात उभी होती, तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मी म्हटलं, तिला जायचं नाहीये.

“बाबा, ती गुदमरतेय. तुम्हाला कळतंय का?”

“कळतंय,” मी म्हणालो. “आता कळतंय.”

डॉ. भाटियांना फोन लागला. त्यांचा आवाज इतका शांत होता की माझेही हात शांत झाले. उशा लावून बसतं करा, खिडकी उघडा, पंखा तोंडावर सोडा, औषध गालाच्या आत द्या, थोड्या वेळाने पुन्हा. मी येतेय. वृंदाने पंखा लावला, दिल्लीच्या डिसेंबरात. मी औषध दिलं. खालून गार्डने इंटरकॉमवर सांगितलं, ॲम्ब्युलन्स आलीय.

श्रीरंग माझ्याकडे बघत होता. आणि खरं लिहितो, त्या वेळी मलाही वाटलं, न्यावं. तिथे ऑक्सिजन आहे, माणसं आहेत, जबाबदारी दुसऱ्याची. वचनाचं काय, मोडलेलं वचन कुणाला माफ होत नाही? पण कुमुद माझ्याकडे बघत होती. मीच खाली उतरलो. ड्रायव्हरला हात जोडून म्हटलं, माफ करना भाई, नहीं ले जाना. तो म्हणाला, “पक्का, अंकल?” मी पक्का म्हणालो आणि दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात बसून रडलो.

वर आलो तर श्रीरंगने तिच्या पाठीमागे बसून तिला छातीशी टेकवून घेतलं होतं. श्वास लहान पण सावकाश झाला होता. डॉ. भाटिया येईपर्यंत ती झोपली.

३० डिसेंबर, रविवार

जागी झाली. चहाचे दोन चमचे घेतले. श्रीरंगला म्हणाली, तुझी छाती उशीपेक्षा बरी. त्याने सुट्टी घेतली आहे, कितीही दिवसांची, म्हणतो. मी त्या संस्थेला, डॉ. भाटियांना, त्या नर्सला, लिफ्टवाल्याला, सगळ्यांना मनातल्या मनात नमस्कार केला. आता देवाची पाळी आली तर त्यालाही करीन, अजून थोडा राग आहे.

६ जानेवारी २०१९, रविवार

कुमुद शुक्रवारी गेली. निगमबोध घाटावर श्रीरंगने सगळं केलं. आज घरात जरा निवांत आहे म्हणून लिहितो, नाहीतर मी विसरेन, आणि हे मला विसरायचं नाही.

शुक्रवारी धुकं लवकर विरलं. तिच्या पलंगावर ऊन आलं होतं. तीन दिवस ती बहुतेक झोपेतच होती, हाक मारली तर पापणी हलायची. चंद्रप्रभाबाई मटार घेऊन आल्या होत्या. थंडीत संध्याकाळी परतताना सगळ्या बायका बसमध्ये मटार सोलायच्या, तसं त्यांनी पलंगावरच पेपर पसरला आणि थोड्या शेंगा कुमुदच्या हाताखाली ठेवल्या. अहिल्या तिचे केस विंचरत होती, केमोनंतर नुकते बोटभर आलेले. वृंदा पायांना तेल लावत होती. श्रीरंग भिंतीला टेकून बसला होता. आणि मी बोलत होतो. दुसरं काय येतं मला? आमच्या ऑफिसातल्या, कृषी भवनातल्या माकडाची गोष्ट, माकड सचिवांच्या टेबलावरून फाइल पळवतं आणि एसीवर बसून पानं फाडतं ती. कुमुदने ती शंभरदा ऐकली आहे आणि दरवेळी सांगितलं आहे की मी तीत भर घालतो. मी भर घालत होतो. चंद्रप्रभाबाई हसत होत्या, वृंदा हसत होती. माकड फाइल परत द्यायला केळं मागतं तिथपर्यंत आलो, आणि अहिल्याचा कंगवा थांबला. “भाऊजी,” ती हळूच म्हणाली.

मी ओरडलो नाही. कोणीच ओरडलं नाही. श्रीरंगने तिच्या हाताखालच्या शेंगा बाजूला केल्या आणि हात हातात घेतला. हात उबदार होता.

अहिल्या मला नंतर म्हणाली, आईला मी शेवटी काचेतून बघितलं, भाऊजी. ताईचा मी भांग पाडला. एवढं म्हणून ती बैठकीत जाऊन शांत झोपली, किती वर्षांनी कोण जाणे.

डॉ. भाटिया आल्या. कुमुदच्या कपाळावर हात ठेवून थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग दाखल्यासाठी विचारलं, किस वक़्त गईं? आम्ही एकमेकांकडे बघितलं. खोलीत पाच माणसं, आणि एकालाही सांगता येईना. मला आधी लाज वाटली. मग वाटलं, लाज कसली? तिच्या आईची वेळ कागदावर मिनिटासकट आहे, यंत्राने सांगितलेली, आणि तेव्हा जवळ कोणी नव्हतं. आमचं घड्याळाकडे लक्ष नव्हतं, कारण आम्ही सगळे तिच्याजवळ बसलो होतो.

नाही नेलं तुला, कुमुद.